यजमानांची वही

पौरोहित्य करणाऱ्या माणसाला काय यावं लागतं असं विचारलं, तर लोक मंत्र, मुहूर्त, विधी अशी उत्तरं देतात. ती चुकीची नाहीत. पण पुण्यात पौरोहित्य शिकून मी तळेगाव दाभाड्यात काम सुरू केलं, तेव्हा दोन-तीन वर्षांतच कळलं की पाठांतर उपयोगी पडतं ते विधी चालू असेपर्यंत. त्याच्या आधी आणि नंतर पुष्कळ काही असतं. गेल्या वर्षी ज्यांच्याकडे वास्तुशांत केली त्यांच्या सुनेचं नाव, कुणाच्या वडिलांची तिथी, लोणावळ्याच्या कुठल्या हॉटेलात होम पेटवू देत नाहीत, कुठल्या घरात दोन भाऊ एका पाटाला पाट लावून बसणार नाहीत. हे सगळं डोक्यात ठेवणारे जुने पुरोहित मी पाहिले आहेत. माझं डोकं तसं नाही, म्हणून मी वही ठेवते. आता अशा तीन वह्या झाल्या आहेत.

या वह्यांमुळेच एका प्रश्नाच्या मागे लागले. शंभर घरी जाणाऱ्या माणसाने प्रत्येक घराला ‘ही आपली’ असं वाटेल इतकं लक्षात कसं ठेवायचं? आणि लक्षात ठेवण्याची सोय करता करता ती घरं नुसत्या नोंदी होऊन बसणार नाहीत, हे कसं पाहायचं? आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे, आणि त्याची उत्तरं शोधायला मला मावळाबाहेर फार जावं लागलं नाही.

आधी कामाचं स्वरूप सांगते, कारण ते बाहेरून दिसत नाही. आमच्याकडे काम तीन प्रकारच्या काळात चालतं. लग्न, मुंज, वास्तुशांत ही ठरवून येणारी कामं; तुळशीच्या लग्नानंतर त्यांची रांग लागते ती आषाढाच्या तोंडापर्यंत. श्राद्ध दरवर्षी येतं, पण इंग्रजी तारखेने येत नाही. आणि मृत्यू कधीही येतो. पहिल्या प्रकारचं काम कुठल्याही डायरीत बसतं. दुसऱ्याला डायरी पुरत नाही. तिसऱ्यासाठी डायरीत जागा रिकामी ठेवावी लागते, आणि नवीन माणसाला हे सगळ्यात अवघड जातं. हंगामात आठवड्याचा एकही दिवस मोकळा न ठेवणारा पुरोहित कमाई चांगली करतो. पण ज्या घरी त्याने तीन मुंजी लावल्या त्या घरचे आजोबा गेले की त्याला दहाव्याला दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागतं. ते घर मग त्याचं राहत नाही. मी हंगामातही आठवड्यातली एक सकाळ कुणाला देत नाही. ती रिकामी गेली तर कपडे धुते.

श्राद्धाचं गणित वेगळं. घरच्यांना इंग्रजी तारीख आठवते, आम्हाला महिना, पक्ष आणि तिथी लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरात ठळक छापलेली तिथी सूर्योदयाची असते. श्राद्धाला अपराह्णकाळची तिथी पाहतात, म्हणून कधीकधी दिवस एकाने मागेपुढे होतो आणि ‘कॅलेंडरात तर उद्या आहे’ असा फोन येतो. त्यात अधिक मास आला की सगळी यादी पुन्हा तपासायची. श्रावण अधिक असलेलं २०२३ आणि ज्येष्ठ अधिक असलेलं २०२६ ही अशी सालं. त्या वर्षी त्या महिन्यातली सगळी घरं मी माघातच वेगळी काढते आणि एकेकाला कळवते. तिथीच माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. पण मी निदान एकदा तरी जुनं पंचांग उघडून तिथी काढून देते. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या आईची तिथी पहिल्यांदाच कळलेला सत्तरीचा मुलगा कसा बघतो, ते मी पाहिलं आहे.

लग्नांचं म्हणाल तर मावळाचा भूगोल हाच मोठा विषय. मुलीकडचे मुंबईचे, मुलाकडचे पुण्याचे, म्हणून कार्य मधल्या लोणावळ्यात, असं हल्ली सर्रास चालतं. शनिवारी घाटात गाड्या तुंबतात आणि मुहूर्त बारा वाजून काही मिनिटांचा असतो. म्हणून लोणावळ्यातलं लग्न घेतलं की त्या दिवशी दुसरं काम नाही, हा नियम. पहाटेची लोकल, आणि विड्याची पानं, दर्भ, समिधा, लाह्या, आंब्याचा टहाळा तळेगावातूनच बरोबर, कारण लोणावळ्यात सकाळी सहाला चिक्कीच्या पाट्या दिसतात, विड्याचं पान दिसत नाही. बंद सभागृहात होम करायचा तर धुराच्या घंटेची चौकशी आदल्या दिवशी. हिरवळीवर असेल तर वारा कुठून येतो ते बघायचं. एवढं पुरे, सामानाच्या याद्या कुणीही करू शकतो.

माणसांच्या याद्या करणारे आपल्याकडचे पहिले पक्के व्यावसायिक म्हणजे क्षेत्रोपाध्ये. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथे गेलेल्या वाचकांनी त्यांच्या वह्या पाहिल्या असतील. आपण आडनाव सांगतो, ते विचारतात, ‘मूळ गाव कुठलं?’ मग एक लांबोडकी वही निघते, पानं उलटली जातात, आणि आपल्या पणजोबांची सही समोर येते. वाचणाऱ्याला तो चमत्कार वाटतो, पण त्यामागे अत्यंत साधी रचना आहे. ही वही तारखेने लावलेली नसते. ती माणसांनी लावलेली असते: गाव, मग कुळ, मग घर. एखाद्या घरातलं माणूस चाळीस वर्षांनी येणार असेल, तर कालक्रमाने लिहिलेली वही त्याच्यासाठी निरुपयोगी. तो कधी आला होता हे त्यालाच माहीत नसतं. तो कोण आहे एवढंच त्याला माहीत असतं. म्हणून त्याला जे माहीत आहे त्यावरून सापडेल अशीच वही लावायची.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नोंद उपाध्ये लिहीत नाहीत, यजमान स्वतःच्या हाताने लिहितो, किंवा निदान सही करतो. त्याला ‘लेख’ म्हणत. जुन्या सरदार घराण्यांनी असे लेख करून दिले आहेत, की आमच्या वंशातलं कुणी या क्षेत्री आलं तर तुम्हालाच उपाध्ये मानील. म्हणजे ही वही एका अर्थी वंशावळ, एका अर्थी करार आणि एका अर्थी मालमत्ता होती. भावाभावांच्या वाटण्यांत यजमानांची वाटणी होई, आणि वाटणी म्हटली की भांडणही आलंच. इतिहास संशोधकांना या वह्यांचा उपयोग झाला तो त्यातल्या नावांच्या साखळीमुळे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या यूटा इथल्या वंशावळी जमवणाऱ्या संस्थेने सूक्ष्मफिती करून नेली. मला त्या लेखात सर्वांत आवडतं ते अक्षर. एक जण ठसठशीत मोडीत लिहितो, त्याचा मुलगा बाळबोधीत, नातवाची नुसती सही. घर बदललं हे त्या पानावर दिसतं.

मावळात याहून जुनी नामावळी आहे, आणि ती दगडात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात एकवीरेच्या दर्शनाला आलेली कोळी-आगरी मंडळी आणि सहलीची मुलं खांबांजवळून पुढे जातात. त्या खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, दात्यांची नावं कोरलेली आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, तिथलाच सिंहदत्त नावाचा गंधी म्हणजे अत्तरवाला, सोपाऱ्याचा एक भदंत. आणि वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, ज्याने हे शैलगृह पूर्ण केलं आणि जंबुद्वीपात ते उत्तम आहे असं लिहवून घेतलं. धेनुकाकट नेमकं कुठलं यावर विद्वानांचं एकमत नाही, पण नोंदीचा साचा कुणालाही कळेल असा आहे: गाव, धंदा, नाव, आणि त्याने काय दिलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की एवढ्या चार गोष्टी लिहिल्या की माणूस पुरेसा ओळखता येतो. माझ्या वहीतल्या पानाचा मथळा अजून जवळजवळ तसाच आहे.

याच्या उलट टोकाची व्यवस्थाही आमच्याच गावची. सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात तळेगावी ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, आणि पुढे ती दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात चालवली. गर्दी इतकी वाढली की पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचं आवार बांधावं लागलं. ब्राह्मणांना आत घ्यायचं आणि बाहेर पडताना दाराशी एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवायची. व्यवस्था म्हणून ती चोख होती. हजारोंचा हिशेब लागे, एकाला दोनदा मिळणं अवघड होई. पण ती डोकी मोजणारी व्यवस्था होती. तिला आत आलेला माणूस कोण आहे हे कळण्याची गरज नव्हती. आजच्या मोठ्या समारंभांत मला रमणा पुष्कळदा आठवतो. मनगटावर पट्टी, यादीत खूण, आणि पुरोहितासाठी सूचना: ‘पंचेचाळीस मिनिटांत उरका.’

गावातल्या जोशाला मात्र वही लागत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्यांची रचना तपशिलाने आली आहे. कार्य निघालं की प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. जोशी मुहूर्त काढी, गुरव पत्रावळी आणि बेल देई, न्हावी आमंत्रणं फिरवी, परीट पायघड्या अंथरी, कुंभार मडकी आणी. कुणाला बोलावलं आणि कुणाला विसरलं हा प्रश्नच नव्हता, कारण जो तो जन्मानेच त्या कार्याला बांधलेला होता. आजच्या कार्य-संयोजकाला असूया वाटावी अशी ही घडी! पण तिची किंमत कोण देत होतं तेही पाहायला हवं. जोशाला यजमान लक्षात ठेवावा लागत नसे, कारण यजमानाला दुसरीकडे जायची मुभाच नव्हती. जोशी न बोलावता लग्न लावलं तरी त्याचा हक्क उरत असे. सत्यशोधक समाजाची स्थापना सप्टेंबर १८७३ मध्ये झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीविना पहिलं लग्न लागलं. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी जोशाला वगळून घरचं कार्य केलं, तेव्हा जोशी कोर्टात गेले आणि तो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचला. हा हक्क कायद्याने मोडायला १९२६ उजाडावं लागलं. मुंबई कायदेमंडळात त्यासाठी सी. के. बोले झटले.

माझ्यासारखीच्या दृष्टीने ही १९२६ ची रेषा महत्त्वाची आहे. वंशपरंपरेचा हक्क राहिला असता तर मी, एक बाई, या कामात आलेच नसते. पुण्यात शंकरराव थत्त्यांनी सत्तरच्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, पुढे ज्ञानप्रबोधिनीने जात आणि लिंग न पाहता शिकवलं. पण शिकलेल्याला यजमान मिळतो तो यजमान मोकळा असतो म्हणूनच. आणि मोकळा यजमान पुन्हा येतो, तो त्याला कुणीतरी ओळखत असेल तर. हक्क गेला तिथे वही आली, असं मी समजते.

तर माझी वही. एका घराला एक पान, आणि मागे एक कोरं पान. पानं गावावर लावलेली: वडगाव, कामशेत, कार्ला, लोणावळा, मग आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी खोऱ्याने, कारण पावसाळ्यात कुठल्या खोऱ्यात जाता येईल हे एकदम दिसतं. वर गाव, नाव, धंदा. खाली गोत्र, माहीत असेल तर. नसेल तर काश्यप म्हणतात तसं म्हणायचं आणि पानावर रेघ ओढायची. श्राद्धासाठी तीन पिढ्यांची नावं, आईकडच्याही. नावापुढे उच्चार: ‘ज्ञानोबा’ची आई त्याला ‘ग्यानबा’ म्हणत असे का, हेसुद्धा. कुणाला खाली बसता येत नाही, कुणाला धुराचा त्रास आहे, कुणाला ऐकू कमी येतं. मुलीच्या आईला एकटीनेच कन्यादानाला बसायचं आहे, आणि त्यावर घरात बोलणं झालेलं आहे की नाही. हा शेवटचा मुद्दा फोनवर विचारायचा नसतो. मी लग्नाआधी एकदा घरी जातेच, चहा होतो, आणि आई पाणी आणायला आत गेली की आत्या जे सांगते त्यावर निम्मं लग्न उभं असतं.

क्षेत्रोपाध्यांचा एक धडा मी तसाच उचलला. कार्य झालं की यजमानाला पानावर स्वतःच्या हाताने काहीतरी लिहायला सांगते. तारीख, नाव, वाटल्यास एक वाक्य. लोक आधी लाजतात. मग आजी लिहितात, मग सून मुलाचं नाव घालते. त्यामुळे आपल्याबद्दल काय लिहिलं आहे हे त्या घराला दिसतं, आणि याचा माझ्या लिहिण्यावर चांगला परिणाम होतो. जे त्यांच्यासमोर उघडं ठेवता येणार नाही, ते मी त्या पानावर लिहीतच नाही. दोन भाऊ शेजारी बसणार नाहीत, एवढी खूण असते; का, ते नसतं. दक्षिणा त्या पानावर नाही, तिचं खातं वेगळं. दोन्ही एका पानावर आली की डोळा आधी आकड्याकडे जातो, आणि पुढच्या वेळी त्या घरी जाताना पाय आकड्याप्रमाणे उचलला जातो.

मोबाइल मी वापरतेच. तिथींची आठवण, रस्ता, पावसाचा अंदाज हे सगळं त्यात. पण घरांची पानं त्यात नाहीत. कुणाच्या घरात कोण कधी गेलं, मुलगी कुणाची, गोत्र कुठलं, ही माहिती एकत्र झाली की तिला बाजारात किंमत येते. लग्न जुळवणारे आणि जमिनीचे दलाल दोघेही ती मागून बघतात. मावळात जमिनीचे भाव चढल्यापासून ‘तुमच्याकडे वंशावळ असेल ना?’ असं गोड आवाजात विचारणारे वाढले आहेत. वारसांची नावं शोधणाऱ्याला श्राद्धाची यादी सोन्यासारखी. त्या यादीत कधीच कोर्टात न आलेल्या बहिणींची नावंही असतात. ज्या घरचं पान, त्या घरालाच दाखवायचं, यात मी अपवाद करत नाही.

एक कागद मात्र मी मागून घेते, आणि त्यावर वाद झालेले आहेत. विवाह नोंदणीच्या अर्जावर महाराष्ट्रात पुरोहिताची सही लागते. त्याहून गंभीर बाब २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याची. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा नसेल तर लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा बालविवाह नाही असं मानायला आपल्याकडे कारण होतं, हे त्याने सिद्ध करायचं. म्हणजे ‘मला काय माहीत’ हे उत्तर चालत नाही. मुहूर्त काढायला कुणी आलं की मी आधी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले मागते, जन्मतारीख वहीत उतरवते, मग पंचांग उघडते. पत्रिका जुळवताना जन्मवेळ मिनिटापर्यंत सांगणारी माणसं दाखला म्हटलं की का चिडतात, हे मला सुरुवातीला कळत नसे.

एकदा पवन मावळातल्या एका गावातून मुलीचे काका आले. आजी आजारी आहे, तिच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं, वैशाखातला कुठलाही दिवस चालेल. दाखला ‘घरी आहे’. मी म्हटलं, घेऊन या, पंचांग इथेच आहे. ते उठून गेले. आजी त्याच पावसाळ्यात गेल्या, आणि दहाव्याला मला बोलावणं आलं नाही. मी त्या घराचं पान फाडलं नाही. वर नाव, गाव, काकांनी सांगितलेलं मुलीचं नाव, आणि दाखल्याच्या जागी रेघ. पुढच्या वर्षी लग्नसराई गेली, त्याच्या पुढची आली. मग माघात एके दिवशी मुलगी स्वतः वडिलांबरोबर आली. बारावी झाली होती. तिने पिशवीतून दाखला काढला, त्यावरची तारीख मला बोटाने दाखवली, आणि वही मागितली. रेघेवर तिने स्वतःच तारीख लिहिली. अक्षर मोठं होतं, म्हणून ते खालच्या ओळीत, आजीच्या तिथीसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत उतरलं. तिथी मग मी मागच्या कोऱ्या पानावर घेतली.